पडद्यावरचा माल आणि गोदामातला माल

नांदेड आणि लातूरच्या कापड बाजारात अलीकडे एक नवीन तक्रार ऐकू येते. दुकानाची वेबसाइट निघाली, फोटो चढले, रमजानच्या आधी ऑर्डरीही येऊ लागल्या. मग एखाद्या दिवशी असे होते की, साइटवर ‘एक नग शिल्लक’ दिसणारा ड्रेस परभणीच्या गिऱ्हाइकाने पैसे भरून घेतला आणि तोच ड्रेस दुपारी काउंटरवर रोखीने गेलेला असतो. कोणाला भाव बदलूनही जुनाच भाव दिसतो. कोणाच्या जुन्या मोबाइलवर पान पांढरेफटक राहते. दुकानदार म्हणतो, साइट बनवणाऱ्याने गंडवले. साइट बनवणारा म्हणतो, गिऱ्हाइकाचे नेट मंद आहे. दोघे भांडतात आणि दोष जागच्या जागी राहतो.

मोबाइलच्या पडद्यावर दिसतो तो माल नसतो, मालाचे चित्र असते. ते चित्र कोणत्या नोंदीवरून काढले, केव्हा काढले आणि पुन्हा केव्हा काढणार, एवढे तीन प्रश्न ज्याला विचारता येतात तो व्यापारी साइटवाल्याशी बरोबरीने बोलू शकतो. सुताचा काउंट आणि पन्हा विचारल्याशिवाय आपण थान घेत नाही. मग साइटसाठी हजारो रुपये मोजताना तिचा ताणाबाणा का विचारू नये? प्रोग्रामिंग शिकण्याची गरज नाही. पान कसे रंगते आणि कसे बदलते, एवढेच या लेखात पाहू.

जुनी रीत

पूर्वी वेबसाइटचे प्रत्येक पान सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर, पूर्ण तयार होऊन येत असे. गिऱ्हाइकाने एक बटण दाबले की पडदा कोरा होई आणि दुकानाच्या नावापासून खालच्या पत्त्यापर्यंत सगळे पान पुन्हा येई. एका कापडाचा भाव बदलायचा म्हणून दुकानातला सगळा फळा पुसून पहिल्या ओळीपासून लिहावा, तसला हा प्रकार. वेळ फार जाई. पण या रीतीचा एक गुण होता आणि तो पुढे हातातून सुटला. पान नवे आले म्हणजे त्यावरचे सगळे आकडे एकाच वेळचे असत.

२००४ साली जीमेल आणि २००५ साली गूगल मॅप्स आले, तेव्हा सर्वांनी पाहिले की पान न उडवता त्यातली एकच जागा बदलता येते. ब्राउझरच्या आत चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा सर्व्हरकडून गुपचूप नवा आकडा आणते आणि फळ्यावरचा तेवढाच आकडा पुसून लिहिते. सोय मोठी झाली. पण तोच आकडा तीन ठिकाणी असेल तर? पिशवीच्या चित्रावर ‘२ नग’, खाली यादीत दोन ओळी, शेवटी बेरीज. ही तिन्ही ठिकाणे प्रोग्रामरने आठवणीने बदलावी लागत. एक जरी विसरले, तरी पान स्वतःशीच विसंगत बोलू लागे.

फेसबुकसारख्या कंपनीलाही हे चुकले नाही. निरोप वाचून झाला तरी वर ‘१ न वाचलेला’ हा आकडा तसाच उभा. दुरुस्त करावा, तर काही दिवसांनी पुन्हा हजर. २०१४ साली त्यांच्या इंजिनियरांनी ही अडचण जाहीर भाषणात सांगितली. त्याच कंपनीतल्या जॉर्डन वॉक यांनी तयार केलेले रिॲक्ट हे साधन मे २०१३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले होते. त्याची कल्पना थोडक्यात अशी की, प्रोग्रामरने ‘ही जागा बदल, ती जागा बदल’ असे सांगायचेच नाही. त्याने एवढेच लिहायचे की, नोंद अशी असेल तर पान असे दिसावे. नोंद बदलल्यावर पानावर कुठे हात फिरवायचा, हे साधन स्वतः शोधून काढील. व्ह्यू, अँग्युलर, स्व्हेल्ट ही इतर साधनेही थोड्याफार फरकाने याच वाटेवर आहेत.

नांदेडचा झेंडा

या साधनांत पान एकसंध लिहीत नाहीत, तुकड्या-तुकड्यांनी लिहितात. त्या तुकड्याला कंपोनंट म्हणतात. तो समजून घ्यायला आपल्या भागातलेच उदाहरण चांगले आहे.

नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते, हे वाचकांना ठाऊक असेल. खादी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणली जाते, झेंडे नांदेडला तयार होतात. सरकारी मानकात झेंड्याची नऊ मापे आहेत. सर्वांत मोठा ६३०० गुणिले ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० गुणिले १००. लांबी-उंचीचे प्रमाण सगळीकडे तीनास दोन. ९०० गुणिले ६०० च्या झेंड्यावर चक्र १८५ मिलिमीटरचे, १८०० गुणिले १२०० वर ३७० चे, सर्वांत लहानावर २५ चे. आरे मात्र नऊही मापांत २४.

ऑर्डर देणारा यात काय सांगतो? फक्त माप. पट्टी किती उंच, चक्र केवढे, हे त्या एका मापावरून तक्त्यात बघून ठरते. चक्राचे काम करणारा कारागीर आपल्या मनाने चक्र मोठे करत नाही. त्याला वरून माप येते, तेवढे तो करतो. कंपोनंट म्हणजे हेच. बनवण्याची रीत एकदा लिहून ठेवली, वरून माप आले की त्याप्रमाणे नग तयार. वरून येणाऱ्या या मापांना प्रोग्रामर ‘प्रॉप्स’ म्हणतात. झेंड्याच्या आत जसे चक्र, तसे एका कंपोनंटच्या आत दुसरे कंपोनंट असते, आणि प्रॉप्स नेहमी वरून खाली जातात. खालच्याला काही कळवायचे असेल, उदाहरणार्थ ‘गिऱ्हाइकाने बटण दाबले’, तर तो वर निरोप धाडतो. वरच्याची नोंद तो परस्पर बदलत नाही.

आपल्या दुकानाच्या साइटवर मालाचे कार्ड हे असे एक कंपोनंट आहे. फोटो, नाव, मीटरचा भाव, शिल्लक एवढे त्याला द्यावे. दोनशे वाणांसाठी दोनशे कार्डे लिहावी लागत नाहीत, एकच रीत दोनशे वेळा वापरली जाते. भावाच्या आधी रुपयाचे चिन्ह टाकायचे राहिले असेल तर एका जागी दुरुस्त केले की दोनशे ठिकाणी दुरुस्त. (आमच्यासारख्या उर्दू माध्यमातून शिकलेल्यांसाठी एक गोष्ट सांगतो. मालाचे नाव उर्दूत द्यायचे तर ओळ उजवीकडून सुरू व्हावी लागते. चांगला कारागीर त्यासाठी निराळे कार्ड बनवत नाही, त्याच कार्डाला ‘दिशा’ हे आणखी एक माप देतो.)

प्रॉप्सशिवाय कंपोनंटची स्वतःचीही एक आठवण असते, तिला ‘स्टेट’ म्हणतात. गिऱ्हाइकाने रंग कोणता निवडला, मीटर किती टाकले, फोटो मोठा करून पाहत आहे की नाही. ही आठवण बदलली किंवा वरून नवे माप आले की पान बदलण्याची क्रिया सुरू होते. दुसऱ्या कशाने ती सुरू होत नाही. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ इथे आहे.

आधी कच्ची चिठ्ठी, मग फळा

समजा गिऱ्हाइकाने दोन मीटरचे तीन मीटर केले. आता काय होते? रिॲक्ट त्या कार्डाची रीत पुन्हा चालवते आणि विचारते, आता तू कसा दिसायला हवास? उत्तर येते ते कच्च्या चिठ्ठीसारखे. नाव अमुक, मीटर ३, रक्कम अमुक. या पायरीला रेंडर म्हणतात. शब्दाचा अर्थ चित्र काढणे असला तरी पडद्यावर अजून काहीही हललेले नसते.

नंतर ही नवी चिठ्ठी मागच्या चिठ्ठीशी ताडली जाते. नाव तेच, फोटो तोच, मीटर आणि रक्कम निराळी. मग तेवढ्याच दोन जागा ब्राउझरच्या खऱ्या पानात बदलल्या जातात. ब्राउझर त्यानंतर जागांची मापे काढतो आणि रंग भरतो. साध्या मोबाइलचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे एका वेळेसाठी सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात हे उरकले तर बोटाला काही जाणवत नाही. चिठ्ठीवर हिशेब करणे स्वस्त आणि खरे पान हलवणे महाग, म्हणून ही दोन पायऱ्यांची पद्धत.

ताडण्यातही हिशेबीपणा आहे. हजार वस्तूंची दोन पाने पूर्ण शास्त्रशुद्ध रीतीने ताडायची तर तुलनांची संख्या शंभर कोटींच्या घरात जाते. एवढे करत बसायला मोबाइलला सवड नाही. म्हणून रिॲक्ट दोन ढोबळ नियम लावते. पहिला नियम : त्याच जागी त्याच जातीचा तुकडा असेल तर तो जुनाच समजून फक्त फरक भरायचा, त्याची आठवण ठेवायची. त्या जागी दुसऱ्या जातीचा तुकडा आला तर जुना मोडून टाकायचा, आठवणीसकट. काही साइटवर यादीचे दृश्य बदलून मोठे फोटो केले की टाकलेले मीटर पुसले जातात, त्याचे कारण बहुधा हेच असते. ती आठवण वरच्या तुकड्याकडे ठेवायला हवी होती.

दुसरा नियम व्यापाऱ्याच्या जास्त कामाचा आहे, त्यावर थोडे थांबू.

गाठीचा नंबर

यादीतली कोणती ओळ कोणती, हे ओळखायला प्रत्येक ओळीला एक खूण द्यावी लागते. तिला ‘की’ म्हणतात, म्हणजे किल्ली. प्रोग्रामरने ती दिली नाही तर साधन जागेवरून ओळखते. पहिली ओळ ती पहिली, दुसरी ती दुसरी.

आता पाहा काय होते. घाऊक ऑर्डरच्या पानावर तीन ओळी आहेत : पांढरे पॉपलीन, निळे शर्टिंग, हिरवी ओढणी. लोह्याच्या एका दुकानदाराने पॉपलीनपुढे ४० आणि ओढणीपुढे १० टाकले. हे आकडे प्रत्येक ओळीच्या स्वतःच्या आठवणीत आहेत. तेवढ्यात आपण नवा माल चढवला, काळे सूटिंग, आणि ते यादीत सर्वांत वर आले. खूण नसेल तर साधनाला वाटते पहिली ओळ तीच जुनी, फक्त नाव बदलले. नाव बदलून ‘काळे सूटिंग’ झाले, ४० तिथेच राहिले. पॉपलीन खाली सरकले आणि कोरे झाले, १० निळ्या शर्टिंगपुढे आले. दुकानदाराने नीट न पाहता बटण दाबले तर चाळीस मीटर सूटिंगचे पार्सल निघते. भांडण होते, वाहतूक अंगावर येते, आणि दोघेही शपथेवर सांगतात की आपण बरोबर केले. दोघांचेही खरे असते.

आपण गाठीवर नंबर टाकतो तो का? गोदामात खालची गाठ वर गेली तरी बिल्टी त्या गाठीचीच राहावी म्हणून. पहिल्या थप्पीतली तिसरी गाठ, असे कोणी लिहून ठेवत नाही. यादीतल्या प्रत्येक ओळीची किल्ली तिच्या मालाचा कायमचा कोड असावा. काही नवशिके ओळीचा क्रमांकच किल्ली म्हणून देतात. ते न दिल्यासारखेच आहे. साधन निदान किल्ली नसल्याचा इशारा तरी देते, क्रमांक दिला की तोही गप्प होतो.

मुनीम आणि चिठ्ठ्या

एका क्लिकमध्ये तीन गोष्टी बदलल्या तर पान तीनदा रेंडर होत नाही. साधन तिन्ही चिठ्ठ्या जमवते आणि एकदाच खतावते. मार्च २०२२ मध्ये आलेल्या रिॲक्टच्या १८ व्या आवृत्तीपासून हे जवळपास सर्वत्र आपोआप होते. मात्र चिठ्ठी कशी लिहिली याला महत्त्व आहे. ‘आकडा ३ कर’ अशी चिठ्ठी, पान बदलण्याआधी, दोनदा आली तर आकडा ३च राहतो. ‘जो असेल त्यात १ मिळव’ अशी दोनदा आली तर दोनाने वाढतो. पहिली रीत मोजणीसाठी चालत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. वरच्या तुकड्याची आठवण बदलली की त्याच्या पोटातले सगळे तुकडे पुन्हा चिठ्ठ्या लिहितात, मग फरक असो वा नसो. शोधाच्या चौकटीत गिऱ्हाईक ‘कॉटन’ टाइप करते आणि एकेका अक्षरासाठी पाचशे कार्डे चिठ्ठ्या लिहीत बसतात. महागड्या मोबाइलवर कळत नाही, स्वस्तातल्या हँडसेटवर अक्षर उमटायला वेळ लागतो. याला उपाय आहेत. टाइप होणारी अक्षरे त्या चौकटीच्या जवळच ठेवावीत, फरक नसलेल्या कार्डांना वगळायला सांगावे, आणि पडद्यावर दिसतात तेवढीच कार्डे बनवावीत. स्व्हेल्ट आणि व्ह्यू यांची चाल थोडी वेगळी आहे. कोणता आकडा कोण वाचतो याची नोंद ती साधने ठेवतात आणि बदल झाला की त्यालाच उठवतात. माझ्या मते आपल्या आकाराच्या दुकानाला साधन कोणते याने फारसा फरक पडत नाही. कारागीर कसा, याने पडतो.

गंज गोलाई

आता मुख्य तक्रारीकडे येऊ. लातूरची गंज गोलाई १९१७ सालची, फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याची. मध्ये गोल इमारत आणि तिच्यापासून निघालेले १६ रस्ते. सोने एकीकडे, पादत्राणे एकीकडे, मिरची-गूळ आणखी कुठे. समजा सोळाही रस्त्यांवर आपले एकेक दुकान आहे आणि गोदाम एकच, मध्ये. प्रत्येक दुकानाने सकाळी गोदामातून शिल्लक लिहून नेली आणि दिवसभर तीच वही पाहून विक्री केली, तर संध्याकाळी काय होईल ते सांगायला नको. प्रत्येक वही खरी होती, सकाळपुरती.

गिऱ्हाइकाचा मोबाइल म्हणजे असेच एक दुकान. पान उघडले तेव्हा सर्व्हरकडून शिल्लक १ असा आकडा आला आणि मोबाइलच्या आठवणीत बसला. काउंटरवर तो नग विकला गेला, तरी त्या मोबाइलची आठवण बदललेली नाही. आठवण बदलली नाही म्हणून रेंडर नाही, रेंडर नाही म्हणून पान तसेच. साधनाने आपले काम चोख केले आहे. त्याला कोणी कळवलेच नाही.

आणि काउंटरची विक्री वहीत किंवा वेगळ्या बिलिंग प्रोग्राममध्ये राहत असेल, तर सर्व्हरलाही ती कळत नाही. जुळणी तिथूनच सुरू व्हायला हवी. काउंटर आणि साइट एकाच शिलकीतून वजा करत नसतील, तर पडदा कितीही चपळ असून काय उपयोग?

मोबाइलला कळवायचे दोन मार्ग आहेत. एक तर मोबाइलने दर काही सेकंदांनी विचारावे, किंवा सर्व्हरशी एक ओळ उघडी ठेवावी आणि बदल होताच सर्व्हरने ढकलावे. त्याला वेबसॉकेट म्हणतात. लहान दुकानाला पान पुन्हा समोर आल्यावर आणि पैसे भरण्याआधी एकदा विचारणे बहुधा पुरते. पण यांतला कोणताही मार्ग शेवटच्या नगासाठी भरवशाचा नाही, कारण विचारणे आणि विकत घेणे यांत क्षणभराचे अंतर राहतेच. म्हणून अंतिम तपासणी सर्व्हरवर व्हावी. ऑर्डर येताच शिल्लक आहे का पाहणे आणि एकने कमी करणे, हे एकाच न तुटणाऱ्या क्रियेत. दुसरी ऑर्डर त्याच क्षणी आली तरी ती थांबेल, आणि तिला शून्य दिसेल.

काही साइटवर बटण दाबताच ‘झाले’ असे दिसते आणि सर्व्हरचे उत्तर नंतर येते. उत्तर नकाराचे आले तर पान मागे घेतात. आवडीचे चिन्ह दाबण्यासाठी ही रीत छान आहे. पैसे आणि शिल्लक यांच्यासाठी ती लावू देऊ नये. जे अजून ठरले नाही ते गिऱ्हाइकाला ठरले म्हणून सांगणे हा व्यवहार नव्हे.

भाव जुना दिसण्याचे कारण याहून साधे असते. वेळ वाचवण्यासाठी पानाची प्रत मोबाइलमध्ये किंवा वाटेतल्या एखाद्या सर्व्हरवर साठवलेली असते. दुकानाचे नाव, रंग, सांगाडा खुशाल साठवावा. भाव आणि शिल्लक किती वेळ साठवायची, हे मालकाने सांगावे.

पांढरे पान

कंपोनंटची पद्धत मुळात मोबाइलमध्ये चालते. म्हणजे आधी सगळी जावास्क्रिप्ट उतरली पाहिजे, मग ती चालली पाहिजे, मग माल मागवला पाहिजे, तेव्हा कुठे चित्र. किनवट-माहूरकडच्या गिऱ्हाइकाच्या मंद नेटवर तोवर पांढरे पान. यासाठी हीच कंपोनंट पहिल्या वेळी सर्व्हरवर चालवून तयार पान पाठवता येते. फळा लगेच वाचता येतो. पण बटणांत जीव यायला जावास्क्रिप्ट यावीच लागते. तोवर गिऱ्हाईक बटण दाबत राहते आणि काही होत नाही. हा मधला काळ लहान करायचा तर जावास्क्रिप्टचे ओझे कमी हवे.

मोठ्यांनीही याचा धडा घेतला आहे. २०१५ साली फ्लिपकार्टने मोबाइलवरची वेबसाइट बंद करून लोकांना ॲपकडे वळवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्ट लाइट या नावाने हलकी वेबसाइट परत आणावी लागली. तिच्यात पानाचा सांगाडा मोबाइलमध्येच ठेवला जाई आणि फक्त माल नव्याने मागवला जाई.

साइट ताब्यात घेण्यापूर्वी दुकानातच एक चाचणी करावी. घरातला सर्वांत जुना मोबाइल घ्यावा आणि दुकानाचे वायफाय बंद करून पान उघडावे. यादीत मीटर टाकून ठेवावेत, दुसऱ्या कोणाला नवा माल सर्वांत वर चढवायला सांगावे, यादी ताजी झाल्यावर आकडे आपापल्या कापडापुढेच राहतात का पाहावे. शेवटी एका वाणाची शिल्लक १ करावी, दोन मोबाइलवर ते पान उघडावे आणि दोघांनी एकदमच बटण दाबावे. दोन्हीकडे ‘ऑर्डर स्वीकारली’ असे आले, तर बिलाची उरलेली रक्कम त्या दिवशी देऊ नये.